पहिल्या पावलाचे संरक्षण

मनुष्य दोन पायांवर चालतो, ही घटना सृष्टीत आजवर अगणित वेळा घडून गेली असली, तरी प्रत्येक मुलाच्या बाबतीत ती पहिल्यांदा एकदाच घडते. दुसरे पाऊल हे पहिल्याचे केवळ अनुकरण होय; तिसऱ्यापासून तर वहाणांचा प्रश्न सुरू होतो. म्हणून पहिल्या पावलास जे मोल आहे ते पुढल्या कोणत्याही पावलास नाही. आणि ज्या वस्तूस मोल आहे तिचा मालक कोण, हा प्रश्न सुसंस्कृत समाजात आज ना उद्या उभा राहतोच. (आमच्या संस्थेत तो मुलांच्या आधी उभा राहिला, हे तिचे वैशिष्ट्य.)

संस्था म्हणजे पाळणाघर. एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. एकीत पाळणे, दुसरीत गाद्या. दोन्हींना मिळून दूध, पावडर आणि न वाळलेली दुपटी यांचा एक संमिश्र वास आहे, जो सायंकाळी आईबापांच्या कपड्यांना लागून घरोघर जातो आणि संस्थेची कीर्ती पसरवतो. संचालिकाबाईंनी बालविकासाच्या तीन पदविका संपादन केल्या असून त्या तिन्ही चौकटींत घालून, कोणत्याही बालकाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगल्या आहेत. बालकांना प्रत्यक्ष उचलणे, पुसणे, भरवणे ही कामे मोठी मावशी आणि धाकटी मावशी पाहतात. धोरण ठरवण्यासाठी एक सल्लागार समिती आहे. तीत एक वकील, एक निवृत्त वैद्य आणि प्रस्तुत लेखक असे तिघे आहोत. वकिलांस कायदा कळतो, वैद्यांस शरीर कळते, आणि नियमांना भारदस्त नावे असावीत म्हणून मला घेतलेले आहे.

प्रकरणाचा आरंभ एका शब्दाने झाला. संस्थेत गुंडू नावाने ओळखला जाणारा एक बालक आहे. देहाने वाटोळा, वृत्तीने गंभीर. त्याची आई प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, इतर कोणाला दिसत नाही ते पाहण्याचे तिचे काम. वडील चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावतात. असे हे डोळस कुटुंब. एके सायंकाळी आई गुंडूला न्यायला आली, तेव्हा धाकटी मावशी त्याला कडेवर घेऊन जिन्यापर्यंत धावत गेली.

"ताई, आज बोलला हो! 'दे' म्हणाला! चमच्याकडे बोट करून चक्क 'दे'!"

"हो का?" आई म्हणाली. "छान."

मग ती मुलाला घेऊन खाली उतरली आणि औषधाच्या दुकानाच्या कठड्यावर बसून अशी रडली, की येणाऱ्याजाणाऱ्यांना वरच्या मजल्यावर दवाखाना असावा असे वाटले.

दुसऱ्या दिवशी वडील आले. मनुष्य सौम्य, रोज पन्नास लोकांना 'आता बरं दिसतंय का?' असे विचारणारा. पण त्या दिवशी त्यांनी विचारले ते निराळे होते.

"पहिला दात तुमच्याकडे आला. पहिलं पालथं पडणं तुमच्याकडे. आता पहिला शब्दही तुमच्याकडेच. आमच्याकडे काय येतं? सर्दी?"

संचालिकाबाई म्हणाल्या, "अहो, मुलं काय आम्हाला विचारून करतात का?"

"मला ते माहीत नाही. सकाळी आणतो तेव्हा तो पेंगुळलेला असतो, संध्याकाळी नेतो तेव्हा झोपलेला. मधला अख्खा मुलगा तुमचा. तिनं रात्री जेवणाला हात लावला नाही. पहिलं पाऊल तरी आमचं असू द्या."

मागणी न्याय्य होती. समिती तातडीने बसली. वकिलांनी मूलभूत सिद्धान्त मांडला : ठेव म्हणून दिलेल्या वस्तूवर ठेवून घेणाऱ्याचा हक्क नसतो, गाय दुसऱ्याच्या गोठ्यात व्याली तरी वासरू मालकाचेच. वैद्यांनी दुजोरा दिला की शारीरदृष्ट्या पाऊल हा पायाचाच भाग आहे आणि पाय निर्विवादपणे आईबापांचा आहे. या दोन आधारांवर पुढील नियम एकमताने संमत झाले :

एक. संस्थेच्या आवारात कोणतीही क्रिया प्रथम घडणार नाही.

दोन. घडल्यास ती दुसरी समजावी.

तीन. बालक उभे राहण्याची चिन्हे दिसताच मावशीने त्याला सन्मानपूर्वक खाली बसवावे.

चार. 'अगोबाई', 'बघा बघा', 'शाब्बास रे' हे उद्गार, तसेच टाळ्या, पूर्णतः वर्ज्य.

पाच. आईबापांनी विचारल्यास खरे तेच सांगावे.

पाचवा नियम माझ्या आग्रहाने घातला गेला, हे विनयपूर्वक नमूद करतो. संस्था असत्याच्या पायावर उभी राहू नये, मग तीत कोणी उभे राहो वा न राहो.

तिसऱ्या नियमाची अंमलबजावणी आठवडाभरात अडचणीत आली. बालकांना बसवले की ती खिदळून पुन्हा उठत. त्यांना हा खेळ वाटला, आणि जी बालके एरवी महिनाभर उठली नसती तीही खेळात सामील होण्यासाठी उठू लागली. मोठ्या मावशीची कंबर धरली. ती संचालिकाबाईंना म्हणाली, "बाई, एक बसवावं तर तीन उठतात. मी माणूस आहे, ढकलगाडी नाही."

तेव्हा समितीने प्रश्नाचा अधिक खोलवर विचार केला. पाऊल पडणे आणि पाऊल दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आईच्या दुःखाचे कारण 'घडले' हे नसून 'दुसऱ्याने पाहिले' हे आहे. जे कोणी पाहिलेच नाही, ते घडले असे म्हणण्यास आधार काय? आणि ज्यास आधार नाही ते आईबापांपासून हिरावले असे तरी कसे म्हणावे? हा विचार इतका निर्दोष होता, की तो पूर्ण झाल्यावर आम्ही काही वेळ नुसते एकमेकांकडे पाहत बसलो. तिसरा नियम तत्काळ बदलण्यात आला : बालक उठू लागताच मावशीने जवळच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहावे आणि ते पुन्हा बसल्याचा आवाज येईपर्यंत वळू नये. या क्रियेस 'वैमुख्य' हे नाव मी सुचवले. मोठी मावशी तिला 'पाठमोरं होणं' म्हणते. पण पदविकाधारक व्यक्तींमध्ये वैमुख्य हेच रूढ झाले आहे.

मावश्यांनी भिंतीकडे पाहून करायचे काय, अशी एक बारीक शंका निघाली. संचालिकाबाईंनी चारही भिंतींवर, आग लागल्यास काय करावे याच्या सूचना चिकटवल्या. त्यामुळे दोन्ही मावश्यांना त्या मुखोद्गत झाल्या असून आज शहरात आगीच्या बाबतीत सर्वांत तयार अशी ही संस्था आहे. (आग अद्याप लागलेली नाही. लागल्यास तीही दुसरी समजली जाईल.)

वैमुख्याचे यश आकड्यांतच पाहावे. त्यापूर्वीच्या सहामाहीत संस्थेत सात पहिली पावले, चार पहिले शब्द आणि एक पहिली शिट्टी अशी नोंद होती. त्यानंतरच्या सहामाहीत पावले शून्य, शब्द शून्य, शिट्ट्या शून्य. बालविकासाच्या इतिहासात इतकी निखळ शून्ये क्वचितच कोणी मिळवली असतील. सकाळी कडेवरून आलेली बालके सायंकाळी कडेवरूनच परत जात. मधल्या काळात ती खिडकीपाशी कशी पोचत, दुधाच्या बाटल्या ज्या फळीवर ठेवलेल्या असत ती रिकामी कशी होई, आणि पुढल्या खोलीतला चेंडू मागल्या खोलीत कोण नेई, याविषयी संस्थेचे मत असे होते की जगात अनेक गोष्टी अज्ञेय आहेत.

आता बालकांच्या बुद्धीविषयी दोन शब्द. तान्हे मूल नवे काही करण्यापूर्वी जवळच्या मोठ्या माणसाचे तोंड पाहते, हे तिन्ही पदविकांच्या पुस्तकांत लिहिलेले आहे. तोंड हसरे दिसले तर मूल पुढे सरकते. आमच्या संस्थेत मात्र मूल उठले की तोंड नाहीसे होई आणि पाठ दिसे. आठ-पंधरा दिवसांत बालकांनी यातून आपला निष्कर्ष काढला आणि तो, समितीचे कौतुक बाजूला ठेवून सांगतो, आमच्या निष्कर्षापेक्षा अधिक व्यवहार्य होता. चालणे ही मोठ्यांच्या पाठीमागे करायची गोष्ट आहे, हे त्यांना समजले. पुढे पुढे मावशी त्यांच्याकडे पाहत असेतो सर्वजण गाद्यांवर मांडी घालून, एखाद्या सभेस बसल्यासारखे स्वस्थ बसत. मावशी दुपटे घ्यायला वळली की खोली उठे. संचालिकाबाईंनी यास 'स्वयंशिस्त' असे म्हटले व पालकसभेत तिचा उल्लेख केला.

इकडे गुंडूच्या घरी पहिल्या पावलाची सिद्धता झाली होती. रोज सायंकाळी आई खोलीच्या एका टोकाला आणि वडील दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसत, हात पसरत, डोळे त्याच्यावर खिळवत. स्टुलावर फोन उभा करून ठेवलेला असे. त्याचाही डोळा उघडा. मध्ये गुंडू बसे आणि दोघांकडे आळीपाळीने, सहानुभूतीने पाही.

"ये, ये, गुंडोबा! आईकडे ये!"

गुंडू हलत नसे. जेथे इतके डोळे रोखलेले आहेत तेथे चालणे हा त्याच्या शिक्षणात न बसणारा उद्धटपणा होता.

वडिलांची आई दाराशी बसून हे पाही. "असं डोळे वटारून बसल्यावर मीसुद्धा चालणार नाही," ती म्हणे. "आमचा हा नवव्या महिन्यात धावत होता."

"मग कुठे गेली ती धाव, आई?" सून विचारी. "दूध आणायला पाठवलं तर अर्धा तास चप्पल शोधतो."

"ते लग्नानंतरचं. त्याला मी काय करू?"

गुंडूचे वर्ष सरले, वर चार महिने झाले. शेजारची, त्याच्याहून लहान असलेली मुले जिने चढू लागली. बालरोगतज्ज्ञांनी गुंडूचे दोन्ही पाय वाकवून, ओढून, ठोकून पाहिले आणि सांगितले, "पाय उत्तम आहेत. वापरत का नाही, ते त्यालाच विचारा." ही फी घेऊन केलेली थट्टा आईला सोसली नाही. तिने जिन्यात धाकट्या मावशीला गाठले.

"खरं सांगा, मावशी. इथे तरी कधी उभा राहतो का तो?"

धाकट्या मावशीने नियम आठवला. "ताई, देवाशपथ, मी काही पाहिलेलं नाही."

हे अक्षरशः सत्य होते. तिने पाहिली होती ती फक्त आगीची सूचना. परंतु आईचा चेहरा असा झाला, की मावशी त्या रात्री झोपली नाही म्हणतात. आईने दुसऱ्या दिवशी सांगून टाकले की ती नोकरी सोडणार. मुलाच्या पायांत काही दोष नसेल तर दोष आईच्या घरी नसण्यात आहे, असा तिचा हिशेब होता. आणि तो चूक आहे असे तिला सांगणारे, सासू धरून, भोवती कोणीही नव्हते.

धाकटी मावशी संचालिकाबाईंकडे गेली. "बाई, तो इथे खिडकीपर्यंत जातो हो. पाठीमागे पावलं वाजतात, मी काय बहिरी आहे? त्याच्या आईला सांगू द्या. ती नोकरी सोडायला निघालीय."

समिती पुन्हा बसली. पेच दारुण होता. सांगावे, तर आईचे पहिले पाऊल संस्थेने कानाने का होईना चोरले असे सिद्ध होते. न सांगावे, तर आई काम सोडते, मूल घरी राहते आणि संस्थेतील एक पाळणा रिकामा होतो. चर्चा सायंकाळपर्यंत चालली. शेवटी पुढील ठराव झाला : सत्य हे सांगितलेच पाहिजे, परंतु तेही आईबापांना प्रथम त्यांच्या घरीच कळावे, संस्थेत नव्हे.

"मग घरी सांगणार कोण?" धाकट्या मावशीने विचारले. "गुंडू?"

हा प्रश्न विषयाला सोडून असल्याने घेण्यात आला नाही.

त्याच सायंकाळी गुंडूच्या घरी भांडण झाले. दिवे नुकतेच लागले होते. आजी शेजारी गेली होती. आई म्हणाली की उद्या साहेबांना सांगून येते. वडील म्हणाले, घाई करू नकोस. ती म्हणाली, तुझं काय जातंय. ते म्हणाले, माझं काय जातंय म्हणजे, मुलगा माझा नाही का? यापुढील संवाद प्रत्येक संसारात उपलब्ध असल्याने देत नाही. अखेर "माझ्याशी बोलू नकोस" असे म्हणून आई कपाटाकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला रडू आवरेना आणि ते नवऱ्याला दाखवायचे नव्हते. "मीही बोलत नाही" असे म्हणून वडील खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. फोन स्टुलावर पालथा पडला होता.

कोणत्याही पूर्वशिक्षणावाचून त्या घरात संपूर्ण वैमुख्य घडले.

गुंडूने इकडे पाठ पाहिली, तिकडे पाठ पाहिली. वातावरण ओळखीचे वाटले. तो उठला.

आईला मागे काही वाजल्यासारखे झाले. मऊ, ओले, फरशीवर तळवा चिकटून सुटावा तसे. एक. मग थांबून दुसरे. मग एकदम चार. ती वळली नाही. का वळली नाही, हे तिला अजून सांगता येत नाही. मग तिच्या पोटऱ्यांना मागून दोन्ही हातांची मिठी बसली आणि गुडघ्याच्या लवणीत एक ओलसर नाक टेकले.

"आलास?" ती कपाटाला म्हणाली.

"दे," गुंडू म्हणाला.

ती वळेपर्यंत तो अर्थातच खाली बसला होता.

"तू पाहिलंस?" तिने नवऱ्याला विचारले. "चालला तो! पाहिलंस का तू?"

वडील खिडकीकडूनच म्हणाले, "नाही गं. मी पाठमोरा होतो ना."

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. बाहेर अंधारले होते आणि आत दिवा होता. अशा वेळी खिडकीची काच काय करते, हे चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसास सांगावे लागत नाही. गुंडू दोन्ही हात वर धरून, पोट पुढे काढून, एखाद्या भरल्या गाडीसारखा डोलत आईपर्यंत कसा गेला, हे त्यांनी पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत पाहिले. आणि बायकोला न दिसलेले आपल्याला दिसले, हे कळले तर ती पुन्हा कोणत्यातरी कठड्यावर जाऊन बसेल, म्हणून ते गप्प राहिले. कोणत्याही समितीच्या साहाय्यावाचून एक सामान्य मनुष्य आमच्या धोरणापर्यंत पोचला, याचा मला अभिमान वाटतो. ही हकीकत त्यांनी मला एका शब्दानेही कोठे बोलणार नाही या शपथेवर सांगितली. ती मी पाळली आहे. येथे केवळ लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली. "मावशी, चालला! घरी चालला! मी पाठ केली होती आणि मागून आला!"

"अगोबाई!" धाकटी मावशी म्हणाली. वर्ज्य उद्गार होता, पण पाऊल घरचे होते म्हणून दुर्लक्ष करण्यात आले. मग तिने अगदी मनापासून विचारले, "कसा दिसतो हो चालताना?"

आई थबकली. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मलाही नाही."

दोघी काही वेळ त्या मुलाकडे पाहत उभ्या राहिल्या. मुलगा त्यांच्याकडे पाहत बसून राहिला.

आईने नोकरी सोडली नाही. संस्थेचा पाळणा भरलेला राहिला. पहिले पाऊल विधिपूर्वक घरी पडल्याची नोंद झाली. एवढ्या उज्ज्वल निष्पत्तीनंतर समितीने स्वस्थ बसणे शक्य नव्हते. शहरातील सर्व पालकांना वैमुख्याचे शिक्षण द्यावे, रोज सायंकाळी किमान अर्धा तास त्यांनी मुलांकडे पाठ करून बसावे, आणि त्यासाठी आरंभी काही दिवस मार्गदर्शक नेमावा, अशी योजना आम्ही आखली. आईबापांना ते जड जाईल, मान आपोआप मुलाकडे वळेल, अशी भीती वैद्यांना होती. म्हणून प्रथम घरोघर जाऊन पाहणी करण्याचे ठरले.

पाहणी तीन घरांतच आटोपावी लागली. पहिल्या घरी आम्ही दार वाजवले, ते एका पावणेदोन वर्षांच्या मुलीने उघडले. आईबाप आतल्या कोचावर होते. दोघांच्या माना खाली, दोघांच्या तोंडांवर तळहातातला निळसर उजेड. मुलगी खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून कपाटावर गेली आणि तेथून आमच्याशी बोलली. दुसऱ्या घरी तोंड करायला भिंत लागत नव्हती. भिंतीएवढा पडदाच होता, आणि त्यावर कोणाचे तरी मूल चालायला शिकत होते. सर्वजण ते कौतुकाने पाहत होते. तिसऱ्या घरी आम्हाला कोणी पाहिलेच नाही. आम्ही समितीच्या बैठकीपुरते तेथेच बसलो आणि योजना रद्द केली. जे शिक्षण समाजाने स्वतःहून पूर्ण केले आहे ते पुन्हा देणे हा विद्येचा अपव्यय होय.

वाचकांच्या घराची पाहणी करण्याचे कारण उरलेले नाही. आरंभापासून येथवर आपण मान खाली घालून, एकाग्रतेने, पाठ खोलीकडे करून आला आहात. समितीतर्फे आपले अभिनंदन. घरात मूल असेल तर त्याच्या विकासास याहून अनुकूल स्थिती नाही. मूल नसेल तर एखादे म्हातारे माणूस असेल; तेही हल्ली कोणी पाहत नसतानाच उठते. आपल्या पाठीमागे या घटकेस कोण उभे आहे, हे आम्ही विचारत नाही. आपल्याला ते ठाऊक नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.